पुढच्या तारखेची रात्र

"तुझ्या त्या माणसाच्या कार्यक्रमात तू घोरत होतास," असं अण्णामामांनी आज सकाळी जाहीर केलं. मला बाजूला घेऊन नाही. समोर बायको, मुलगी आणि फोनच्या पडद्यावर भारतातून मामी, अशा भरल्या सभेत. मुलगी फिदीफिदी हसली. मामी म्हणाली, "दमला असेल बिचारा." त्यातलं 'बिचारा' अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

मुळात मी घोरत नाही. उताणा झोपलो तर श्वासाचा थोडा आवाज होतो, तो वेगळा. पण ते सोडा. हा माणूस माझा आहे. दुसऱ्यांच्या कार्यक्रमात कोपऱ्यात उभा राहून तो दोन वाक्यं बोलून जायचा, तेव्हापासूनचा. ती दोन वाक्यं मी लोकांना म्हणून दाखवायचो आणि लोक "हं" म्हणून विषय बदलायचे. त्याला स्वतःचा लेट-नाइट शो, म्हणजे रात्री उशिराचा गप्पा आणि विनोदांचा टीव्ही कार्यक्रम, मिळाला, ही बातमी आली तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते मी. त्या शोची काल पहिली रात्र होती. नाव मुद्दाम सांगत नाही. शो चालला तर 'मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो' म्हणायची सोय राहते, आणि नाही चालला तर कोणाला तोंड दाखवायचा प्रश्न येत नाही.

आणि न चालण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेतल्या या धंद्यात पहिल्या रात्री हारतुरे आणि महिन्या-दीड महिन्यात तेरावा, असं पूर्वीही झालेलं आहे. १९९३ साली पंधरवड्यात तीन जणांनी असल्या शोची नवी दुकानं थाटली. ३० ऑगस्टला डेव्हिड लेटरमन, ७ सप्टेंबरला चेव्ही चेस, १३ सप्टेंबरला कोनन ओब्रायन. चेस सिनेमातला बडा माणूस, त्याचं दुकान ऑक्टोबर संपायच्या आत बंद. कोनन पडद्यामागचा लेखक, बाहेर कुत्रं ओळखत नव्हतं. समीक्षकांनी त्याला पार धुऊन काढला, आणि तो २००९पर्यंत त्याच खुर्चीत बसून राहिला. तेव्हा पहिल्या रात्रीवरून काही ठरत नाही, असं मी स्वतःला आठवडाभर समजावत होतो. मुलीचं गॅदरिंग असलं की पोटात जसं होतं, तसं होत होतं.

अण्णामामांचा यात काही संबंध नव्हता. ते तीन दिवसांपूर्वी भारतातून आलेत. त्यांचं शरीर अजून तिकडेच आहे. इथे रात्रीचे साडेअकरा म्हणजे त्यांच्या पोटात सकाळचे नऊ. अंघोळ करून, स्वेटर घालून, हातात वही घेऊन ते बाहेर आले तेव्हा मी अंधारात टीव्हीसमोर बसलो होतो.

मामा सहकार खात्यातून ऑडिटर म्हणून रिटायर झाले. रिटायर झाले हे खात्याच्या लक्षात आलंय, मामांच्या नाही.

"काय लागतंय?"

"नवीन शो आहे मामा. आज पहिलाच दिवस. अकरा पस्तीसला."

"पस्तीस का? साडेअकरा का नाही?"

नेमकं हे मला माहीत होतं. अकराच्या स्थानिक बातम्यांना जाहिरातींसाठी आणखी पाच मिनिटं हवी होती, म्हणून १९९१ साली 'टुनाइट' चालवणाऱ्या जॉनी कार्सनसारख्या माणसाचा शोसुद्धा पाच मिनिटं पुढे ढकलला, तो आकडा अजून चिकटून बसलाय. मामांनी वहीत काहीतरी टिपलं. "म्हणजे तात्पुरती व्यवस्था नियमित झाली. आमच्याकडे पण असंच होतं."

मग बँड वाजला, पडदा सरकला आणि माझा माणूस आला. सूट घालून! जन्मात त्याला मी सूटमध्ये बघितला नव्हता. आला, हात हलवला, लोक उभे राहिले, ओरडले, आणि माझ्या डोळ्यांत, खरं सांगतो, पाणी आलं.

"अजून काही बोलला नाही तो," मामा म्हणाले. "टाळ्या कशाच्या?"

"स्वागताच्या."

"आगाऊ?"

मी गप्प बसलो. तो पहिला विनोद बोलला. सिनेटवर होता. मामांना कळला नाही, मी समजावून सांगितला. सिनेटचं कामकाज, त्यातली एक प्रथा, ती प्रथा लांबवत नेणारा एक सदस्य, हे सगळं. तोवर आणखी तीन विनोद होऊन गेले होते. मामा म्हणाले, "अच्छा. मग यात हसायचं कुठे?" मला त्याच वेळी उठून दुसऱ्या खोलीत जायला हवं होतं.

"हा वाचतोय," मामा थोड्या वेळाने म्हणाले.

"कोण?"

"हाच. डोळे बघ. डावीकडून उजवीकडे. कॅमेऱ्याच्या बाजूला कोणीतरी कागद धरून उभा आहे."

आता हे खरंच आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलेले पुठ्ठे धरणारा माणूस असतो, सगळ्यांकडे असतो. मलाही ते माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. मामांनी सांगितल्यावर मला रात्रभर डोळ्यांपलीकडे काही दिसेना. विनोद गेला कुठल्या कुठे, मी आपला माणूस ओळ संपवून खाली कधी उतरतोय ते बघत बसलो.

मधे जाहिराती लागल्या. इथल्या टीव्हीवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या जाहिराती लागतात, आणि त्यात दुष्परिणामही वाचून दाखवावे लागतात. मामांनी रात्रभरात मनापासून बघितलं ते हे. एक बाई कुत्र्याला घेऊन बागेत हिंडते आहे, ऊन पडलंय, आणि मागून गोड आवाजात यकृत, मूत्रपिंड, आत्महत्येचे विचार. "बघ, याला म्हणतात पारदर्शकता," मामा म्हणाले. "जोखीम पहिल्या पानावर." ती जाहिरात मागे घेऊन पुन्हा दाखव म्हणाले. दाखवली. त्यात माझ्या माणसाचं टेबलापर्यंत चालत जाणं अर्धं हुकलं.

टेबलावर मात्र मामा अडकले ते अडकलेच.

"हे टेबल कशाला?"

"असतं मामा. पहिल्यापासून असतं. होस्ट टेबलामागे, पाहुणे शेजारच्या सोफ्यावर."

"टेबलावर फाइल नाही. फोन नाही. एक कप आहे. त्यात काय आहे?"

"पाणी असेल."

"असेल म्हणजे? बघितलंस?"

"..."

"आणि मागे खिडकी आहे, त्यात शहर दिसतंय. रात्रीचं. ती खरी आहे का?"

इथे मी चूक केली. चाहत्याला आपलं ज्ञान झाकून ठेवता येत नाही, ती चूक. मी म्हटलं, "छे, तो देखावा असतो. शूटिंग संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास होतं ना."

मामांनी पेन खाली ठेवलं.

"कधी?"

"संध्याकाळी. मग एडिटिंग करून रात्री दाखवतात. सगळेच तसं करतात."

"म्हणजे बाहेर ऊन होतं."

"हो."

"आणि आत हा माणूस 'शुभ रात्री' म्हणत होता."

"ती पद्धत आहे मामा."

"आणि समोरचे लोक, ते काम सोडून भर दुपारी आले आणि रात्र असल्यासारखे हसले."

"संध्याकाळी."

"उन्हाळ्यात साडेपाचला दुपारच." मामा सोफ्यावर पुढे सरकून बसले. माझी खात्री आहे, सहकारी संस्थांचे सेक्रेटरी ज्या बसण्याला घाबरायचे ते हेच. "मग आत्ता, या क्षणी, हा कुठे आहे?"

"घरी असेल."

"जेवून?"

"बहुतेक."

"झोपला असेल?"

मी उत्तर दिलं नाही.

"तो झोपलाय," मामा म्हणाले, "आणि तू उद्या कामावर जायचं असताना, त्याच्यासाठी, जागा आहेस." थोडं थांबून म्हणाले, "साडेपाचचा व्यवहार, तारीख रात्री पावणेबाराची. याला आमच्याकडे पुढच्या तारखेचं व्हाउचर म्हणतात. अशा एका व्हाउचरवर मी एका चेअरमनला घरी बसवलंय."

मी लेट-नाइट बघायला लागलो त्याला जमाना झाला. दुपारी रेकॉर्ड होतं हे मला तेव्हापासून माहीत आहे. कधी काही वाटलं नव्हतं. उलट, सगळं घर झोपलंय आणि एक माणूस तिकडे जागा आहे, आपण इकडे जागे आहोत, अशी एक गुपचूप भागीदारी वाटायची. काल पहिल्यांदा वाटलं की भागीदारीत भांडवल फक्त मीच घातलंय. हे बरोबर नाही. मामांनी बरोबर असू नये अशी माझी फार इच्छा होती.

त्यांचं मन वळवावं म्हणून मी कार्सनच्या आधी 'टुनाइट' चालवणाऱ्या जॅक पारची गोष्ट काढली. १९६० साली या पारने एक विनोद सांगितला, संडासाला जोडून केलेल्या शब्दांच्या गोंधळाचा, अगदी सोवळा. चॅनेलने त्याला न विचारता तो कापला. दुसऱ्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, पार कॅमेऱ्यासमोर आला, झालं ते सांगितलं आणि चालू कार्यक्रमातून निघून गेला. ७ मार्चला परत आला आणि पहिलं वाक्य काय, तर मधे अडवलं जाण्यापूर्वी मी सांगत होतो की...

मामांना गोष्ट भयंकर आवडली. "तत्त्वाचा माणूस!" मग बोटांवर मोजलं. "पंचवीस दिवस होतात. रजा मंजूर होती का?"

दरम्यान पडद्यावर पहिला पाहुणा आला होता. नट. नव्या सिनेमाबद्दल बोलायला आला होता आणि सिनेमा सोडून बाकी सगळ्यावर बोलत होता. पाठ केलेला किस्सा, पाठ केलेलं हसू, आणि माझा माणूस त्याच्याकडे बघून माना डोलावतोय. हे बघून मात्र मला मनापासून चीड आली. मामांची नाही, त्याची. अरे, तू कोपऱ्यात उभा राहून असल्या नटांचीच तर खेचायचास! स्टीव्ह ॲलनने 'टुनाइट' सुरू केला १९५४ साली. सत्तर वर्षं उलटून गेली, आणि ज्याला म्हणून वेगळा म्हणून आणतात त्याला तोच सूट, तेच टेबल, तोच कप देतात. मग वर विचारतात की लोक आता बघत का नाहीत. एका मोठ्या चॅनेलने २०२५च्या जुलैत सांगूनच टाकलं, की 'द लेट शो' २०२६च्या मे महिन्यात कायमचा बंद करणार, पैशांचं गणित जमत नाही. १९९३पासूनचं नाव ते. बंद करा सगळं, असं मलाही काल एक मिनिट वाटलं. दुसरा पाहुणा आल्यावर पहिल्याने उठून सोफ्यावर सरकून बसायचं, ही कार्सनच्या काळातली पद्धत तरी ठेवायची होती. तेवढंच घरगुती वाटायचं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे. डॉक्टरकडच्या बाकावर सरकतात तसं."

आणि मग, त्या नटाच्या तिसऱ्या किश्श्याच्या आसपास, पुढे जाहिराती लागल्या आणि मी डोळे मिटले. जाहिरातींपुरते. मला जाग आली तेव्हा टीव्ही बंद होता, अंगावर शाल होती आणि घड्याळात तीन वाजले होते.

दुसऱ्या भागात त्याने काय केलं माहीत आहे? सूटचा कोट काढून फेकला, टेबलावर चढला आणि ती जुनी दोन वाक्यं म्हणाला. *माझी* दोन वाक्यं. हे मला लिफ्टमध्ये एका सहकाऱ्याने सांगितलं, ज्याने आयुष्यात लेट-नाइट बघितलेलं नाही. त्याने सकाळी दात घासताना चार मिनिटांची क्लिप बघितली होती. "तू बघितलं असशीलच," म्हणाला. मी म्हटलं, "म्हणजे काय, लाइव्ह!" आणि माझ्या मजल्याच्या आधीच उतरलो.

संध्याकाळी मामांना विचारलं, "उठवलं का नाहीत मला?"

"तू घोरत होतास. मला वाटलं, तुला आवडलं नाही."

"तो टेबलावर चढला म्हणे."

"चढला. बूट घालून." मामांनी वही उघडली. "पण त्यानंतर जरा मोकळा झाला पोरगा. तोवर नोकरी गेल्यासारखा बसला होता. शेवटी एक बाई गायली, तिचं मला काही समजलं नाही. एकूणात, ऑडिट वर्ग ब."

"ब?" मला इतका राग का आला मला माहीत नाही. तासभर मीच त्याला शिव्या घालत होतो. "पहिल्या दिवशी कोणालाही अ मिळत नाही मामा!"

"मी कुठे म्हणतोय मिळतो? दोष-दुरुस्तीला वाव ठेवलाय." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि घड्याळाकडे बघितलं. "आज दुरुस्ती केलीय का ते बघायला हवं. अकरा पस्तीस ना? तू झोप. मी सकाळी सांगतो तुला."