दारोग्याची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे

इंग्रजी अमदानीतील पोलीस अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या तपासकथा म्हणजे सरकारी दप्तराची हुबेहूब नक्कल, त्या काळी गुन्हेगार सहसा सुटत नसे आणि कोणत्या जमाती जन्मतःच चोर आहेत हेही त्यांत नोंदलेले आहे, असा मजकूर दारव्हा-दिग्रसकडच्या गावांतील व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे.

नकलेच्या दाव्यासाठी कलकत्त्याचे प्रियनाथ मुखोपाध्याय पाहावेत. 1878 ते 1911 पर्यंत डिटेक्टिव्ह खात्यात असलेल्या या गृहस्थांनी ‘दारोगार दप्तर’ ही मासिक कथामाला चालवली. ती न्यायाधीशासाठी नव्हे, पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी होती. दागिन्यांसाठी खून केल्याबद्दल 1884 मध्ये फाशी गेलेल्या त्रैलोक्य या बाईची हकीकत त्यांनी तिच्याच तोंडून वदवली आहे. त्यातली ‘मी’ तिची असली तरी लेखणी तिला पकडणाऱ्याची आहे, आणि कथा छापून आली तेव्हा हरकत घ्यायला ती हयात नव्हती.

पाळलेल्या मुलावर बालंट येईल अशी भीती घालून तिच्याकडून कबुली काढली, हे प्रियनाथ लपवीत नाहीत, उलट आपली हुशारी म्हणून सांगतात. मात्र 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 नुसार पोलिसापुढील कबुली आरोपीविरुद्ध चालत नसे; कलम 27 प्रमाणे, कोठडीतील आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट संबंध असलेले तेवढेच बोलणे ग्राह्य धरले जाई. त्यामुळे वाचकाला कबुलीच्या प्रसंगाने खात्री पटली, तरी खटल्याचा भार चोरीचे दागिने कुठे मिळाले यावर असे.

जमातींचा मुद्दा आपल्या वऱ्हाडाला थेट भिडतो, कारण मेजर गंथॉर्प यांच्या गुन्हेगार जमातींवरील 1882 च्या पुस्तकाच्या नावातच मुंबई इलाखा आणि मध्य प्रांतासोबत वऱ्हाड आहे. अशा टिपणांत एकेका माणसाचा गुन्हा शाबीत केलेला नसतो, अख्ख्या जमातीची चोरीची ‘पद्धत’ वर्णिलेली असते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची दृष्टी हीच होती. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरीही गावात बकरी हरवली की पहिले बोट पारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, जाते, आणि हा मजकूर त्या बोटाला ‘इतिहास’ पुरवतो.

उरला गुन्हेगार न सुटण्याचा दावा. सुटलेल्या गुन्हेगारावर फौजदार सहसा पुस्तक लिहीत नाही. शिवाय लॉर्ड कर्झनने 1902 मध्ये नेमलेल्या पोलीस आयोगाने हे दल अकार्यक्षम असून लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात, असा निष्कर्ष काढला. आणि त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे कुणी सरकारद्वेष्टे नव्हते, त्याआधी नागपुरात बसून मध्य प्रांताचा कारभार पाहणारे चीफ कमिशनर होते.