खिडक्या बदलल्या आणि भिंतींना बुरशी आली: एका प्रतिक्रियेला उत्तर

शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या इमारती पाडण्याऐवजी नीट दुरुस्त कराव्यात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या महाविद्यालयात मोठा खर्च करून सगळ्या खिडक्या बदलल्या. दुसऱ्याच हिवाळ्यात कोपऱ्यांत काळी बुरशी धरली, वर्ग कोंदट झाले आणि विजेचं बिल जेमतेम उतरलं. तेव्हा जुन्यात पैसा घालणं व्यर्थ, पाडा आणि नवी बांधा, असं तुमचं म्हणणं. शिवाय, ‘आम्ही थंडी-उकाड्यात शिकलोच की’ असंही तुम्ही लिहिलं आहे. तुमचा अनुभव मला पूर्ण पटतो. निष्कर्ष पटत नाही.

जुन्या खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा. त्याने थंडी वाजायची, पण वर्गातली दमट हवाही त्याच वाटेने बाहेर जायची. नुसता बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४०-५० ग्रॅम वाफ सोडतो. ३० जणांचा वर्ग म्हणजे तासाला लिटरभराहून जास्त पाणी. नव्या घट्ट खिडक्यांनी त्याची वाट बंद केली आणि दुसरी कोणी करून दिली नाही. वर्गातली हवा २२ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर जो पृष्ठभाग १७ अंशांच्या खाली जातो तिथे बुरशीपुरता ओलावा राहतो. भिंतींना उष्णतारोधक थर नव्हताच. म्हणजे खिडकीच्या कडा, बीमचे कोपरे, बाहेर आलेल्या स्लॅबच्या खालची बाजू हे सगळ्यात गार भाग, आणि बुरशी नेमकी तिथे धरते. कोंदटपणाही यातलाच. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास असतं. बंद, भरलेल्या वर्गात ते तासाभरात दीड-दोन हजारांच्या पुढे सहज जातं. डोकं जड होतं, लक्ष लागत नाही.

खिडक्या चांगल्याच होत्या, पण त्या एकट्या बसवल्या. त्यांच्याबरोबर हवा खेळवण्याची सोय हवी होती. शक्यतो अशी यंत्रणा, जिच्यात बाहेर जाणारी हवा आपली उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते. चांगल्या यंत्रात तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त उष्णता अशी परत मिळते. तेवढा पैसा नसेल तर चौकटीत झडपा आणि प्रत्येक मधल्या सुट्टीत खिडक्या उघडण्याचा पक्का नियम. आणि भिंतीला बाहेरून थर. यातलं एकच काम निवडून उद्घाटन उरकलं की इमारत आजारी पडते. नव्या इमारतीतही हीच चूक केली तर तिथेही बुरशीच येईल.

पाडण्याबद्दल. इमारतीतलं बहुतेक सिमेंट आणि पोलाद पाया, खांब आणि स्लॅबमध्ये असतं. ते बनवताना झालेलं उत्सर्जन होऊन गेलेलं आहे. पाडून पुन्हा बांधलं की तेवढंच पहिल्या दिवशी पुन्हा होतं आणि नव्या इमारतीची बचत मात्र वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने येते. काही इमारतींना इलाज नसतो, हे मी मान्य करते. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, सत्र सुरू व्हायला काही दिवस उरले असताना, हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या पट्ट्यांची छतं असलेल्या शंभराहून अधिक शाळांना ते भाग बंद करायला सांगण्यात आलं. अशा छताखाली मुलं बसवायची नाहीत, तिथे वादच नाही. म्हणून तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट.

पण सळ्या दिसायला लागल्या म्हणजे इमारत संपली, असं नसतं. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो आणि त्या अल्कधर्मी आवरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, पीएच ९ च्या खाली येतो, मग ओल मिळाली की सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. त्यावर गिलावा आणि रंग मारणं म्हणजे रोग झाकणं. सैल काँक्रीट काढून, सळ्या घासून, गंजरोधक लावून, योग्य मसाल्याने भरून घ्यावं लागतं, आणि त्याआधी गच्चीची गळती थांबवावी लागते. नंतर बाहेरून थर चढवला की भिंत कोरडी राहते आणि गंजही मंदावतो. ऊर्जेची बचत आणि टिकाऊपणा एकाच कामातून मिळतात, ते असे.

खर्चाच्या हिशोबात एक गोष्ट नेहमी सुटते. परांची आणि गिलावा हा खर्च कधी ना कधी करावाच लागतो. तेव्हाच थर चढवला तर बचतीतून फक्त थराचा वाढीव खर्च वसूल करायचा असतो. ती संधी गेली की पुढची परांची येईपर्यंत, म्हणजे काही दशकं, भिंत तशीच. हीटर किंवा एसी मात्र शेवटी घ्यावेत. आधी घेतले तर सुधारलेल्या इमारतीला ते नको तेवढे मोठे ठरतात.

‘आम्ही शिकलोच की.’ शिकलात, आणि त्याचा मला आदर आहे. पण जे मागच्या बाकावर बसून ऐकू न आल्यामुळे मागे पडले, ते आज प्रतिक्रिया लिहायला इथे नाहीत. वर्गातला आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या आत असावा असं अमेरिकेतलं वर्गखोल्यांचं मानक सांगतं. कडक भिंती आणि उंच छताच्या वर्गांत तो कितीतरी जास्त असतो. छताला ध्वनिशोषक फलक लावणं हे अख्ख्या कामातलं स्वस्तातलं काम आहे, आणि कानाने अधू किंवा घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला त्याचा सर्वाधिक फायदा होतो.

तुमच्या महाविद्यालयाचं काम अजून सावरता येईल. बुरशी कुठे आहे ते आधी पाहा: खिडकीच्या कडेला आणि कोपऱ्यात असेल तर वर सांगितलेलं कारण, भिंतीच्या मध्येच किंवा जमिनीलगत असेल तर गळती किंवा खालून चढणारी ओल. एका भरलेल्या वर्गात कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर आठवडाभर ठेवा. सुट्टीच्या दिवशी विजेचं मीटरही वाचा. वर्षातल्या ८,७६० तासांपैकी वर्ग जेमतेम पाचवा भाग भरलेले असतात, आणि बिल न उतरण्याचं कारण पुष्कळदा उरलेल्या तासांत सापडतं. हे आकडे पाठवलेत तर पुढच्या टेंडरमध्ये काय मागायचं ते आपण मिळून लिहू.