अंगणातली सुतळी आणि ऑक्टाव्हिया आरएस

रत्नागिरीला बहिणीकडे गेलो, तर भाचा अंगणात गाडीखाली आडवा. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, पुढून जॅकवर. चार कोपऱ्यांना चार चिरे, त्यांना ताणून बांधलेली सुतळी. "मामा, ग्रुपवर आलंय, अलाइनमेंटवाले लुटतात." अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. तो मेसेज मलाही तीनदा आलाय. म्हणे सुतळी ताणा, गाडी उचला, टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) फिरवा, टेपने मोजा, स्टिअरिंग सरळ आलं की झालं. वर आणखी, कोकणातल्या रस्त्यांवर अलाइनमेंट टिकतच नाही, मग पैसे का घालवायचे?

आधी ते "गाडी उचला". हे वाचून पोरं नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरतायत. पावसाने भिजलेल्या मातीत जॅक कलायला किती वेळ लागतो? आधाराचे स्टँड लावल्याशिवाय कुणीही गाडीखाली जाऊ नये. आणि एवढा जीव धोक्यात घालून मिळतं काय? चाक हवेत लोंबकळलं की सस्पेन्शन खाली येतं, टो (चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (उभं चाक किती कललंय) दोन्ही बदलतात. तेव्हा घेतलेलं माप गाडी जमिनीवर टेकली की खोटं ठरतं. दुकानात चाकं फिरत्या थाळ्यांवर उभी करतात ती याचसाठी. गाडीचा भार चाकांवर असतो, तरी टायर जमिनीला अडत नाही.

सुतळीची पद्धत खरी आहे, हे कबूल. रेसिंगवालेही दोरी लावतात. पण ते आधी चारही चाकांखालची पातळी साधून घेतात. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस. पाणी निघावं म्हणून अंगणाला मुद्दाम उतार दिलेला असतो. शंभर फुटांना फूटभर उतार म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त, आणि आडव्या उताराची ही सगळी चूक ओळंब्याने मोजलेल्या कॅम्बरमध्ये जाते. टेपचंही तेच. १७ इंची रिमवर १ मिमी चुकलात की टो ८ मिनिटांनी चुकला (एका अंशाची ६० मिनिटं). कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडा, टोचे आकडे अंश आणि मिनिटांतच दिलेले असतात. सुतळी नीट धरली तरी तिची जाडीच १ मिमीच्या वर!

स्टिअरिंग सरळ म्हणजे सगळं सरळ, हे तर साफ चूक. दोन्ही चाकं सारखीच बाहेर वळलेली असली तरी गाडी सरळ जाते आणि टायरची आतली कड खात राहते. आरएसला मागे मल्टिलिंक (अनेक दांड्यांचं सस्पेन्शन) आहे, मागचा टोही सेट करावा लागतो. शिवाय ईएससी, म्हणजे घसरती गाडी सावरणारं तंत्र, स्टिअरिंगच्या सेन्सरवर चालतं. त्या सेन्सरचा शून्य स्कॅनरने बसवायचा असतो. ओल्या आंबा घाटात ते चुकीच्या आकड्यावर चाललेलं मला नकोय.

रस्ते खराब आहेत, खरंच. म्हणून तर मोठा खड्डा आदळला की तपासायचं.

लुटीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, तेही मान्य. पुढचा टो तेवढा हलवून चार चाकांचे पैसे घेणारे मीही पाहिलेत. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागा. मागच्या चाकांचे आकडे त्यात नसतील, तर पूर्ण पैसे देऊ नका.