मेन्टेन ठेवणे

माझ्या घरी चालू स्थितीतला प्रिंटर आहे. या एकाच पात्रतेवर गेल्या सप्टेंबरच्या एजीएममध्ये मला सोसायटीचा सेक्रेटरी करण्यात आलं. मुलुंड पूर्वेला आमची 28 बिऱ्हाडांची इमारत. वय 34, लिफ्ट एक, तीही लहरी. मावळत्या सेक्रेटरींनी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक इंग्रजी नोटीसही वारसाहक्काने दिली होती: मेन्टेन सायलेन्स, मेन्टेन क्लीनलिनेस, मेन्टेन डिसिप्लिन इन पार्किंग, मेन्टेन द लिफ्ट, आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत पे मेन्टेनन्स. मी प्रिंट काढली, फलकावर लावली आणि जेवायला बसलो.

301 मधले सर आले. सर म्हणजे मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांना बिल्डिंगमध्ये सगळे सरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा.

"सेक्रेटरी, नोटीस मराठीत का नाही?"

"लावतो की सर. एकच तर क्रियापद आहे, पाच मिनिटांचं काम."

"असं?" सर म्हणाले, "मग बसा." माझ्याच घरात मी बसलो.

शांतता राखा. हे जमलं. स्वच्छता राखा. हेही. पार्किंगमध्ये शिस्त राखा, असं म्हटल्यावर सरांचा चश्मा नाकावरून खाली आला. "शिस्त पाळतात." बरं, पाळा. मग त्याच वेगात मी लिहून गेलो: लिफ्ट पाळा. सर म्हणाले, "तिला सकाळी फिरवून कोण आणणार?" मी खोडून 'लिफ्ट सांभाळा' केलं. तर आतून बायको ओरडली, "तसं लिहिलंत तर लोक लिफ्टला घाबरतील." हे मात्र मला योग्य वाटलं. त्या लिफ्टला घाबरूनच असावं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इंग्रज माणूस एका मेन्टेनवर जन्म काढतो आणि आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला वेगळं क्रियापद. मान राखायचा, मर्जी सांभाळायची. पथ्य पाळायचं, नातं जपायचं. छंद जोपासायचा. लोणचं टिकवायचं, आणि बरणीला कोरडाच चमचा लावायचा. विश्वास ठेवायचा. वैर मात्र बाळगायचं! म्हणजे ज्याच्याशी वाकडं, त्याच्याबद्दलचा राग आपण बाळासारखा कडेवर घेऊन फिरणार, तोही वर्षानुवर्षं. 404 आणि 304 ही दोन बिऱ्हाडं बाथरूमच्या गळतीवरून गेली अकरा वर्षं हे बाळ वाढवत आहेत. आता ते पाचवीत गेलं असेल.

बरं, या सगळ्या क्रियापदांना वैतागून आपण मेन्टेन घेतलं, तेही धड नाही. आपण म्हणतो, 'मेन्टेन ठेवणे'. 'पन्नाशी उलटली पण काय मेन्टेन ठेवलंय!' बँकवाले मिनिमम बॅलन्स मेन्टेन ठेवायला सांगतात. सेकंडहँड गाडी विकणारा नुसतंच 'एकदम मेन्टेन आहे साहेब' म्हणतो, आणि आपण समजून जातो की इंजिनाबद्दल विचारायचं नाही.

खरी पंचाईत शेवटच्या ओळीची होती. मेन्टेनन्सला मराठी शब्द काय? महापालिकेत गेलात तर 'परिरक्षण'. आमच्या टी विभागात, म्हणजे महापालिकेच्या मुलुंडच्या कार्यालयात, त्या खात्याचे इंजिनीअर बसतात. मी नोटिशीत 'मासिक परिरक्षण आकार' लिहिलं. तीन दिवस कोणी पैसे भरले नाहीत. 202 मधल्या काकूंनी विचारलं, "हा नवीन टॅक्स का हो?" तसा त्यांचा सिंकिंग फंडाबद्दलही, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीबद्दलही, समज असा आहे की तो इमारत खचली तर वापरायचा. एका अर्थी चूक नाही. दुरुस्तीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के घ्यावेत, असं आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, सांगतात. पण बांधकाम खर्च 34 वर्षांपूर्वीचा आणि प्लंबर आजचा. त्या टक्क्यांत तो जिन्यावरून खालीसुद्धा बघत नाही. जास्त घ्यायचे तर सर्वसाधारण सभेपुढे जायचं, आणि आमच्या सभेत चहा फिरेपर्यंतच एकमत टिकतं.

अशात 404 चं पत्र आलं. पाच महिन्यांची थकबाकी, आणि पत्र इंग्रजीत: आय मेन्टेन दॅट आय ॲम नॉट अ डिफॉल्टर. आमचे खजिनदार आकड्यांचे मनुष्य. ते खूश झाले. "मेन्टेन करतोय म्हणतोय ना? मग चेक कुठाय?"

शेवटी सरांनाच बोलवावं लागलं. मेन्टेन म्हणजे आपलं म्हणणं न सोडणं असाही अर्थ होतो, ते म्हणाले. मूळ लॅटिन. मानू म्हणजे हाताने, तेनेरे म्हणजे धरणे. फ्रेंचातून इंग्रजीत आला. "हातात धरून ठेवणे, इतकाच अर्थ. 404 ने हेका धरलाय."

"आणि आम्ही?" खजिनदारांनी विचारलं.

"तुम्ही धीर धरा."

धीर धरून झाल्यावर मी 404 च्या थकबाकीच्या वसुलीच्या दाखल्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घालू लागलो. सांगलीहून बायकोच्या मावशीचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. बायको सहज म्हणाली, "हे ना? मेन्टेनन्सच्या केससाठी गेलेत." आता सांगलीला, आणि खरं तर कोणत्याही फॅमिली कोर्टात, मेन्टेनन्स म्हणजे पोटगी. रात्री मामांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"जावईबापू, काय असेल ते बसून मिटवू. कोर्टकचेरी कशाला?"

"मामा, मी खूप समजावलं. पाच महिने झाले, एक पैसा दिलेला नाही."

"म्हणजे तुम्ही दिला नाहीत?"

"मी कशाला देऊ? मला मिळायचाय."

पलीकडे शांतता राखली गेली. मग हळूच, "म्हणजे... आमची पोरगी देणार तुम्हाला?"

"21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं मामा, सोडणार नाही मी!"

बायको समोर बसून पदर तोंडात धरून हसत होती. तिने फोन घेतला असता तर प्रकरण दोन वाक्यांत संपलं असतं. तिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी कोयना एक्सप्रेसने निघायच्या बेतात होत्या, तेव्हा कुठे तिने सगळं सांगितलं. मामा अजून माझ्याशी जपून बोलतात.

यानंतर मी नोटीस पुन्हा छापली. शेवटच्या ओळीत निमूटपणे 'मेन्टेनन्स भरा' लिहिलं. सरांनी वाचली, काही बोलले नाहीत. तीन जणांनी त्याच दिवशी पैसे भरले.

मग तो रविवार आला. माटुंगा-मुलुंडदरम्यान मेगाब्लॉक. कारण नेहमीचंच, देखभालीची कामं. रेल्वेचं एक बरं असतं, मेन्टेनन्स काढला की जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवता येतात. 28 बिऱ्हाडं कुठे वळवणार? सकाळी पालिकेचं पाणी आलं आणि खालच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपचा जोड सुटला. मेन कॉक बंद करायला गेलो तर तो गंजून जाम. वॉचमन बादल्या आणायला धावला. मी प्लंबरला फोन लावला.

"काका, फडकं गुंडाळा आणि हाताने घट्ट दाबून धरा. सोडू नका. भांडुपच्या अलीकडे गाडी उभी आहे, आलोच."

दोन्ही हातांनी पाइप धरून मी उकिडवा बसलो. पाणी बाहीतून शिरून बनियनपर्यंत पोहोचलं होतं. 404 वाले दूध घेऊन परतत होते. थांबले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बघा, मी कधीपासून म्हणतोय, इथे मेन्टेनन्सच होत नाही." गेले वर. लिफ्टने.

मग जिन्यावरून सर उतरले. हातात त्यांच्या घरची बादली होती. माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"लॅटिन चांगलं आहे हो तुमचं," ते म्हणाले, आणि बादली खाली सरकवली.