‘म्हाताऱ्यांच्या मागे का लागलात?’ विचारणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

बाबांकडून स्कूटरची किल्ली कशी काढून घेतली ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावजी रश्श्यासारखी आली, झणझणीत. तुम्ही ७१ वर्षांचे, ४८ वर्षं गाडी चालवता, एकही चालान नाही. नागपुरात वर्धा रोडवर रात्री बाईक उडवणारी पोरं सोडून मी म्हाताऱ्यांच्या मागे का लागलो, असा तुमचा सवाल. आणि शेवटी, ‘बाबांना विचारून लिहिलंत का?’

पोरांबद्दल तुमचं बरोबर आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची. शिवाय ‘साठी झाली, किल्ली द्या’ हे शीर्षक मी लोकांनी क्लिक करावं म्हणूनच दिलं होतं. ते आज बदलतो.

पण चालानाचा हिशोब पटत नाही. बाबांचंही एक चालान नव्हतं. सिग्नल तोडला की चालान मिळतं. डोळ्याला उजेड पुरत नाही, याचं कोण देणार? विशीत डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश साठीत पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडत जातं. समोरून हाय बीम आला की नजर सावरायलाही वेळ लागतो. हे इतक्या सावकाश होतं की चालवणाऱ्याला पत्ता नसतो. तो फक्त ‘रात्री नको’ म्हणायला लागतो. आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललं होतं, आणि आम्ही बाबांच्या सावधपणाचं कौतुक करत होतो.

अपघात झाला तो वेस्ट हायकोर्ट रोडवरून गल्लीत उजवीकडे वळताना, संध्याकाळी. समोरची बाईक बाबांना दिसली होती. ती किती झपाट्याने येते आहे, तो अंदाज चुकला. वयस्क चालकांचे अपघात बरेचदा असेच, समोरची वाहतूक कापून वळताना होतात. त्या पोराला खरचटलं. पॅन्ट झटकून उभा राहिला. बाबांचा खुबा मोडला. धक्का एकच होता, हाडं वेगळी होती. माझी काळजी आधी ही आहे, काका. लेखात ती नीट उतरली नाही.

‘आरटीओने लायसन्स दिलंय’ म्हणता. पंचावन्न ओलांडल्यावर ते पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, सोबत डॉक्टरने भरलेला फॉर्म १-ए. बाबांच्या डॉक्टरांनी ‘काय काका, मस्त ना?’ विचारलं आणि सही ठोकली. त्या फॉर्मात चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न आहे. पावलं मोजून घराबाहेर एकदा करून बघा. मग तेच दिवेलागणीला करा, जे फॉर्म विचारतच नाही. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर लायसन्स नवं करताना स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी असते. आपल्याकडे निदान डोळे तरी खरोखर तपासले, तर वयावरून भांडायची वेळच येणार नाही.

किल्ली घेतल्यावर माणसाने जायचं कसं, हा तुमचा टोला मात्र वर्मी लागला. सुभाष नगरहून बर्डीला मेट्रोने जाता येतं, ठीक. पण घरून स्टेशनपर्यंत सव्वा किलोमीटर, मे महिन्यात, ४५ डिग्रीत? आणि बेशाला आत्याकडे? ऑटोचे पैसे मी देतो म्हटलं, तर बाबांना ते भीक मागितल्यासारखं वाटतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि नाही, बाबांना विचारलं नव्हतं. काल तुमची प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवली. पूर्ण ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘बरोबरच तर बोलून राहिले ते.’ मग थोड्या वेळाने, ‘किल्ली कुठं ठेवली तू?’