चक्कर कोणाच्या खात्यात?

पहाटे कुशीवर वळलो आणि पंखा गरागरा फिरायला लागला. पंखा बंद होता. पाठोपाठ कपाट, खुंटीवरची पँट आणि भिंतीवरचं कॅलेंडरही निघालं. अर्ध्या मिनिटात सगळे जागेवर आले. पुन्हा वळलो, पुन्हा निघाले.

"अहो, पित्त असेल," बायको म्हणाली. पित्तावर ढकलता येणार नाही असा आजार आमच्या घरात अजून यायचाय.

खरा घोळ पुढेच होता. चक्कर येते कोणाच्या खात्यात? ताप-खोकल्याला गल्लीतले डॉक्टर, हे ठरलेलं. पण चक्कर म्हणजे जरा वरच्या दर्जाचं दुखणं, त्याला स्पेशालिस्टच हवा. आता तो मेंदूवाला, हृदयवाला की हाडवाला? सोसायटीत बातमी फुटायचा अवकाश, तिसऱ्या मजल्यावरचे काका "मान! मानच ती!" म्हणत आले आणि स्वतःचा पट्टा माझ्या गळ्यात बांधून गेले. पट्ट्याला गेल्या तीन हिवाळ्यांतल्या बामाचा वास होता. खाली बघता येईना, त्यामुळे चहाचा कप चाचपून शोधायचा. आधी नुसती चक्कर होती, आता वर आंधळी कोशिंबीर.

मेहुणा फोनवर म्हणाला, "भावोजी, कान दाखवा." मी हसलो. "अरे, तुझं सगळं ऐकू येतंय की मला!"

शेवटी न्यूरोवाल्यांकडे फोन लावला. पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. "येताना एमआरआय घेऊन आलात तर बरं," असंही तिथल्या मुलीने सुचवलं. एमआरआयचा आकडा ऐकून जी चक्कर आली, ती मात्र नक्की हृदयाच्या खात्यातली.

मधले पंधरा दिवस काढायला गोळ्या हव्यात, म्हणून नाइलाजाने गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "पट्टा कुणाचा?" दुसरा, "उभं राहिल्यावर येते की कुशीवर वळल्यावर?" मग किती सेकंद टिकते, ऐकू कमी येतं का, बोलताना जीभ अडखळते का, एकाचे दोन दिसतात का. बसवून आणि उभं करून बीपी बघितलं. पट्टा काढला, टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि धाडकन आडवं पाडलं. डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबतंय, समोर लसीकरणाचा तक्ता गरगरतोय आणि डॉक्टर माझ्या डोळ्यांत बघत खूश. "वा! काय नाचतायत बुबुळं!"

निदान झालं: कानातले खडे. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते निसटून शेजारच्या अर्धगोल नळीत शिरले, की डोकं हलताच मेंदूकडे खोटी वर्दी जाते. एमआरआयमध्ये हे कण दिसतही नाहीत. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूचं भाऊबंद. तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातलं थोडं कानात उरणारच.

मग डोकं डावीकडे, मग सगळा मी कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठून बसा. डब्याच्या कोपऱ्यात अडकलेली साखर डबा कलता करून काढतात, तसं. पाच मिनिटं लागली. घरी येऊन मोबाइलवर वाचलं, तर ते आडवं पाडणं 1952 पासून चालत आलेलं आणि ही साखर काढायची युक्ती डॉ. एप्ली यांनी 1992 साली शोधनिबंधात लिहिलेली. इतक्या जुन्या गोष्टीसाठी मी मेंदू दाखवायला निघालो होतो.

फी दोनशे रुपये. "दोन-तीनदा करूनही नाही गेली, तर कान-नाक-घशावाल्यांना चिठ्ठी देतो," डॉक्टर म्हणाले. मेहुण्याला यातलं अक्षरही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पट्टा परत द्यायला गेलो.

"गेली ना पट्ट्याने?" काकांनी विचारलं.

दोनशे रुपयांत, तेही लोंबकळून बरा झालो हे सांगण्यापेक्षा "हो" म्हणणं सोपं होतं. सध्या पट्टा दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या वहिनींना कालपासून गरगरतंय.