खाशाबांचं नाव राहून गेलं

खेळातून देशाची ओळख कशी घडते, यावरचा एक लेख नुकताच वाचला. त्यात हॉकीची सुवर्णपदकं आणि १९८३ चा विश्वचषक आला, ते योग्यच. पण खाशाबा जाधवांचा उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. सगळी मेहनत लाल मातीतली, मॅटची सवय नाही, तरी १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण टाकलं. त्यातून आलं ते कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरं यायला १९९६ उजाडलं.

मी लहानपणी गावच्या तालमीत जायचो. कुस्तीच्या हौद्यातली माती खोऱ्यानं उकरून वस्ताद त्यात ताक, तेल, हळद घालायला लावायचे. तो वास अजून नाकात आहे. मारुतीला नमस्कार करून, चिमूटभर माती कपाळाला लावूनच लांग, म्हणजे कुस्तीचा लंगोट, कसायची. तिथं जात कुणी विचारली नाही, लढायला तोडीचा जोड कोण एवढंच बघायचे. मला तर देश म्हणजे काय, हे पहिल्यांदा तिथंच कळलं.

खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १९८४ ला ते गेले, तोवर सरकारला सवड झाली नाही. लेखकानं पुढचा लेख त्यांच्यावरच लिहावा, ही कळकळीची विनंती.